कोरा साबण

ज्या वर्षी नदीवरचा जुना पूल दुरुस्तीसाठी बंद होता, त्या वर्षीच्या हिवाळ्याच्या अखेरीस, साबणाच्या कारखान्याकडे चढत जाणाऱ्या रस्त्यावरील एका इमारतीत, सर्वांत वरच्या मजल्यावर, एक खोली आणि एक स्वयंपाकघर एवढ्या जागेत, महिन्याचीही न झालेली एक मुलगी आपल्या आईच्या अंगावर प्यायला तयार नव्हती.

‘तयार नव्हती’ हा शब्दप्रयोग मोठ्या माणसांच्या व्यवहारातला आहे. ज्या जिवाला आपले हात आपलेच आहेत हेही अजून ठाऊक नाही, त्याच्या माथी इच्छा-अनिच्छा मारणे अन्यायाचे आहे, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो मान्यच करावा लागेल. परंतु ज्या बाईच्या मांडीवर हे घडत होते, तिला असला युक्तिवाद परवडणारा नव्हता. तिच्या डोळ्यांपुढे होते ते एवढेच: मूल भुकेने कळवळते, तोंड वासून मान इकडून तिकडे फिरवते, काहीतरी हुडकते; छातीशी धरले की क्षणभर थबकते, आणि मग परक्या दाराशी आणून सोडल्यासारखा आकांत करते. हेच मूल सासूबाईंनी उचलले, आपल्या जुन्या लोकरी शालीत गुंडाळले आणि बाटली तोंडात दिली की निमूट पिते. पिता पिता झोपते. यातून त्या बाईने जो निष्कर्ष काढला तो दुसऱ्या कोणत्याही बाईने काढला असता.

कारखान्यात तिला सगळे ‘नाकवाली’ म्हणत. हे नाव चेष्टेने पडले आणि पुढे आदराचे झाले. साबणात मिसळायचे गंध जिथे पारखले जात त्या गंधखोलीत ती लग्नाआधीपासून कामाला होती. टीपकागदाची अरुंद पट्टी तेलात बुडवायची, नाकाखालून एकदाच न्यायची आणि कशात काय कमी, काय जास्त ते सांगायचे, हे तिचे काम. त्या खोलीचे प्रमुख म्हणजे मास्तर. बोलायला फटकळ, नियमाला कडक, आणि कौतुकाच्या बाबतीत असे कद्रू की त्यांनी शिवी दिली नाही तर तेच बक्षीस समजावे. त्यांचा पहिला नियम असा, की पारखणाऱ्याच्या स्वतःच्या अंगाला कसलाही वास असता कामा नये. ‘ज्याचं अंग बोलतं त्याचं नाक बहिरं,’ असे ते म्हणत. म्हणून गंधखोलीतल्या माणसांसाठी कारखान्यात निराळा साबण निघे. त्यात रंग नसे, गंध नसे. त्याला ‘कोरा साबण’ म्हणत. सकाळी दारातच मास्तरांपुढे मनगट धरायचे. त्यांनी ते हुंगायचे. कोणाच्या मनगटावर डोक्याचे तेल सापडे, कोणाच्या आदल्या दिवसाचा लसूण. तो मुकाट्याने मागे फिरून अंग धुऊन येई. नाकवालीच्या मनगटापाशी मास्तर एकच शब्द उच्चारीत: ‘कोरी.’ त्या शब्दासाठी ती इतकी वर्षे जगत आली होती असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होईल. पण खोटे होणार नाही.

बाळंतपण जड गेले. कळा लांबल्या, टाके पडले आणि पाठोपाठ ताप चढला. ताप व सर्दी इतकी होती की दवाखान्यात असेतोवर तिच्या अंगाला पाणी म्हणून लागले नाही. केस चिकट झालेले, अंगाला घामाची आणि दुधाची पुटे चढलेली. इतक्या घाणेरड्या अवस्थेत आपण जन्मात कधी नव्हतो, याची तिला त्या ग्लानीतही लाज वाटे. मुलगी मात्र तेव्हा जळूसारखी चिकटून पीत असे. परिचारिका हसून म्हणाली होती, “ही तुम्हाला रिकामी करणार, बाई.” ताप उतरला, नाक मोकळे झाले, आणि घरी आल्या दिवशी तिने पहिली गोष्ट केली ती ही, की दार लावून, ऊन पाण्याने, कोऱ्या साबणाने, नखशिखांत अंग घासून काढले. त्या दिवसापासून मुलगी पिईना.

दोन-तीन दिवसांनी स्टोव्हवरचे दूध करपले. ती शेजारीच बसली होती.

“अगं, घरभर धूर झालाय!” सासूबाई स्वयंपाकघरात धावत आल्या. “एवढं तुझ्या नाकाचं कौतुक आणि दूध पार जळलं तरी पत्ता नाही?”

“डुलकी लागली, आई,” ती म्हणाली.

डुलकी लागली नव्हती. तिने धूर पाहिला होता. तो कशाचा, हे तिच्या ध्यानात आले नव्हते. त्या दुपारी सासूबाई बाहेर गेल्यावर तिने लवंग चुरडली, लसूण ठेचला, दिव्याच्या तेलाच्या बाटलीत नाक घातले. काही नाही. मग तिने मुलीला उचलले. शेजारणीने बजावून सांगितले होते, ‘टाळूला नाक लावून बघ, वेड लागतं बाईला.’ तिने त्या मऊ, धडधडणाऱ्या टाळूवर नाक टेकवले, डोळे मिटले आणि व्यवसायात कधीही घेतला नव्हता इतका दीर्घ श्वास घेतला. भिंत हुंगावी तसे ते होते. वेड लागले नाही. माया दाटून आली नाही. आपल्या हातात एक उबदार, ओले, कोणाचे तरी मूल आहे, एवढेच तिला कळले.

हे तिने कोणालाही सांगितले नाही. नाक गेले हे मास्तरांना कळले तर काम गेले. आणि पोटच्या पोरीला हुंगून काही वाटत नाही, हे घरात कळले तर काय काय जाईल याचा हिशेबच नव्हता. नवरा बसचा चालक होता; पाळीवरून येई तेव्हा अर्धा झोपेत असे. त्याला तिने एवढेच सांगितले, की ही माझ्याकडे पीत नाही.

“बाटलीनं पितेय ना? मग झालं,” तो म्हणाला. मग तिच्या तोंडाकडे पाहून सारवासारव करू लागला, “म्हणजे, पिईल गं. आज नाही तर उद्या. मी सुद्धा म्हणे लहानपणी फार हट्टी होतो.”

“तसा अजूनही आहेस,” आतून सासूबाई म्हणाल्या.

आता तिने जे केले ते मूर्खपणाचे होते असे म्हणणे सोपे आहे. पण तिचा विचार पायरीपायरीने पाहिला तर त्यात कोठेही खोट दिसत नाही. गंधखोलीत इतकी वर्षे घालवली; कस्तुरी, कापूर, निलगिरी या सगळ्यांनी कातडीत घर केले असणार. एरवी आपल्याला ते कळले असते. आता नाक नाही, म्हणून कळत नाही. मुलीला ते उग्र वास झोंबत असणार, म्हणून ती तोंड फिरवते. तेव्हा उपाय एकच. दर वेळी पाजण्याआधी ती न्हाणीघरात जाई, कोऱ्या साबणाने छाती, गळा, हात घासून काढी, आणि वर कारखान्यात बाटल्यांची तोंडे पुसतात तसा स्पिरिटचा बोळा फिरवी. कातडी कोरडी पडून भेगाळली. त्या भेगांवर स्पिरिट लागले की डोळ्यांपुढे काजवे चमकत. तरीही मूल रडले, की तिने आणखी घासावे.

“पुन्हा न्हाणीत?” सासूबाई दाराबाहेरून विचारीत. “अगं, बाळंतीण आहेस की बदक?”

“दोन मिनिटं, आई. अंगाला कारखान्याचा वास असेल.”

“कारखान्यात जाऊन तुला महिने झाले. मला तर कसला वास येत नाही.”

“तुम्हाला नाही यायचा. तो अंगात मुरतो.”

“मुरतं ते लोणचं, सूनबाई. माणूस नाही मुरत. ये बाहेर, पोर निळी पडेल रडून.”

सासूबाई दुष्ट नव्हत्या. त्यांच्या जिभेला हाड नव्हते, पण हाताला कंटाळा नव्हता. त्यांची ती शाल मात्र त्यांनी वर्षानुवर्षे पाण्याला दाखवली नव्हती; धूर, डोकेदुखीचे मलम, तेल आणि लसूण यांनी ती इतकी भरली होती की सून पूर्वी नाक मुरडून नवऱ्याला सांगे, ‘आईंना म्हणावं, तेवढी शाल एकदा धुवायला काढा.’ त्याच शालीत आता तिची मुलगी गाल घुसळीत असे आणि गाढ झोपत असे. आणि झोपलेल्या त्या चेहऱ्याकडे पाहताना ती मत्सराने अक्षरशः थरथरे. एका म्हातारीचा, तोही आपल्याला मदत करणारीचा, मत्सर! याहून खाली माणूस किती जाईल, असे ती स्वतःला विचारी. आणि मग आणखी थोडी खाली जाई.

डॉक्टरीणबाईंनी मुलगी तपासली. जीभ नीट, टाळू नीट, चोखण्याची ताकद उत्तम. त्या सौम्यपणे म्हणाल्या, “बाळ अगदी चांगलं आहे. बाटलीवर वाढलेली मुलंही धडधाकट असतात, त्याची चिंता नको. पण तुम्हाला पाजायचंच असेल तर उशीर करू नका. बाळ ओढत नाही म्हणून दूध आटत चाललंय. आणखी थोडे दिवस असेच गेले, तर मग ते सुटलंच समजा.”

“माझ्यात काही कमी आहे का?”

“कमी काही नाही. ताण कमी करा. विश्रांती घ्या.”

बाहेर बाकावर ती मुलीला घेऊन बसली. शेजारी एक बाई आपल्या मुलाला थोपटीत होती. चेहऱ्याने प्रेमळ होती. नाकवालीच्या मनात आले, की आपण पाणी पिऊन येतो असे सांगून ही या बाईच्या मांडीवर द्यावी आणि परत येऊ नये. हा विचार वाऱ्यासारखा आला आणि गेला असे सांगता आले असते तर बरे होते. तो गेला नाही. तो बसला. त्याने बारीकसारीक तपशील ठरवले: कोणत्या दाराने जायचे, दुपटे बरोबर न्यायचे की ठेवायचे. आपण दुष्ट आहोत म्हणून हे सुचते, असे तिला वाटत नव्हते. उलट हेच मुलीच्या हिताचे आहे, असा तिचा युक्तिवाद होता, आणि तो तिला पटतही होता. मुलगी रडू लागली तेव्हा त्या शेजारच्या बाईने हात पुढे केला. नाकवाली ताडकन उठली आणि जवळजवळ पळतच घरी आली. त्या हाताची तिला इतकी भीती वाटली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी, मुलगी शालीत झोपल्यावर, ती चढ चढून कारखान्यापर्यंत गेली. फाटकापासून गंधखोलीची खिडकी दिसते. एरवी या वळणावर, डोळे बांधले तरी, आत आज कोणता माल शिजतो आहे हे ती सांगू शके. तिने श्वास घेतला. गार हवा आत गेली आणि गार हवा बाहेर आली.

“अहो नाकवाली!” फाटकावरचा पहारेकरी ओरडला. “बाळ कसं आहे? मास्तर रोज आठवण काढतात. म्हणतात, ही पोरं नाकानं कांदे सोलतात नुसती, एकाला धड वास कळत नाही.”

“बाळ बरं आहे,” ती म्हणाली. “सांगा त्यांना, लवकर येते.”

उतरताना तिच्या पोलक्याला पुढून ओल आली. दूर कोणते तरी मूल रडत होते. आपले शरीर परक्या रडण्याला उत्तर देते आणि आपल्या मुलीला ते उत्तर नको आहे, हे तिला इतके अपमानाचे वाटले की घरी पोचताच ती सरळ न्हाणीघरात शिरली आणि ते दूध साबणाने धुऊन काढले. त्यानंतर दूध आपणहून येणे जवळपास थांबलेच.

पहारेकऱ्याने निरोप दिला असावा, कारण सुटीच्या दिवशी दुपारी मास्तर स्वतःच जिना चढून वर आले. हातात तपकिरी बाटल्यांची नेहमीची पेटी होती. मुलगी सासूबाईंच्या खांद्यावर, शालीत, नुकतीच उठून कुरकुरत होती.

“बघू,” मास्तर म्हणाले, आणि मुलीकडे एकदा पाहून त्यांनी मान डोलावली. “नाक बरं आहे.”

“चेहऱ्याकडे पण बघा की,” सासूबाई म्हणाल्या.

“चेहऱ्याचं मला कळत नाही, आजीबाई.” ते खुर्चीवर बसले आणि पेटी उघडली. “हे बघ, नवा माल आहे. त्या दिवट्यांनी काहीतरी बिघडवलंय. काय ते मला कळलंय, पण तुझ्या तोंडून ऐकायचंय. धर.”

त्यांनी पट्टी तिच्या हातात दिली आणि बाटलीचे घट्ट बसलेले बूच फिरवू लागले. त्याच वेळी मुलगी किंचाळली. नाकवालीने तिकडे मान वळवली, सासूबाईंनी मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतले, आणि ही जेव्हा पुन्हा मास्तरांकडे वळली तेव्हा बाटली उघडी होती आणि तिच्या मनात एकच गोष्ट होती: आता चाचरले तर संपले. तिने पट्टी नाकाखालून एकदाच, सवयीच्या डौलाने नेली.

“लवंग,” ती म्हणाली. “लवंग जड झालीय. फुलाचा वास तिच्याखाली दबून गेलाय.”

मास्तरांनी बाटली टेबलावर ठेवली.

“ती पट्टी अजून बुडवलेली नाही,” ते म्हणाले.

नाकवालीने पट्टीकडे पाहिले. पांढरी, कोरडी, कडेला तेलाचा थेंबही नाही. ती हळूच खाली बसली, खुर्चीवर नव्हे, जमिनीवर.

“नाक गेलं, मास्तर,” ती म्हणाली. “तापात गेलं. मला काही येत नाही.”

“आणि मी हिला दगड म्हणत होते!” सासूबाई म्हणाल्या. “अगं, दूध जळलं त्या दिवशी बोलली का नाहीस?”

“काय बोलू, आई? कामाचं जाऊ दे. पोरीच्या डोक्याचा वास आला नाही मला. एकदासुद्धा नाही. सगळ्या बायकांना येतो. मला ती ओळखू येत नाही आणि तिला मी. तुमच्याकडे पिते, माझ्याकडे टाहो फोडते. तिला कळलंय. मी आई नाहीच, हे तिला आधी कळलं आणि मला नंतर.” तिचा आवाज चढला. “सगळं केलं मी! अंगात मुरलेलं काढावं म्हणून घासलं, रक्त येईतो घासलं. तरी तोंड फिरवते. किती धुऊ अजून?”

मास्तरांनी बाटलीचे बूच पुन्हा घट्ट बसवले. मग त्यांनी हात पुढे केला.

“मनगट दे.”

सवयीने तिने ते दिले. त्यांनी हुंगले. मग कोपराचा खळगा हुंगला. चेहरा वर केला तेव्हा तो रागावल्यासारखा दिसत होता.

“कोरी,” ते म्हणाले. आणि इतक्या वर्षांत त्या शब्दात पहिल्यांदाच कौतुक नव्हते. “अशी कोरी तू कामावरसुद्धा कधी नव्हतीस. काय लावतेस?”

“कोरा साबण. वरून स्पिरिट.”

“किती वेळा?”

“सारखीच घासते,” सासूबाई मध्येच म्हणाल्या. “पाजायच्या आधी दर खेपेला. मी बदक म्हणते तिला, तर मलाच सांगते, अंगात मुरलंय.”

मास्तर उठले, मुलीपाशी गेले आणि शालीवर वाकले. लगेच मागे सरले.

“ही शाल कधी धुतली?”

“माझ्या शालीला नावं ठेवायला जिना चढून आलात का?”

“नावं ठेवत नाही, आजीबाई. तुम्ही या इमारतीच्या दारात उभ्या असलात तरी मी डोळे मिटून सांगेन.” ते पुन्हा नाकवालीकडे वळले. “दवाखान्यात पीत होती?”

“पीत होती. खूप पीत होती. तिथं मला ताप होता, अंघोळ नव्हती, अंगाला नुसता घाण वास...”

ती बोलता बोलता थांबली. तिचा भेगाळलेला हात आपोआप गळ्याशी गेला आणि तिथेच राहिला. सासूबाईंनी मुलीला शालीतून सोडवले आणि तिच्या मांडीवर ठेवले. मुलगी मान फिरवून हुडकू लागली: इकडे, तिकडे, पुन्हा इकडे. तिचे ओठ आईच्या कातडीला लागले, थबकले, आणि मग तो ओळखीचा आकांत सुरू झाला.

“आता उशीर झाला का?” तिने विचारले. तिला हा प्रश्न मास्तरांना विचारायचा होता की मुलीला, हे तिचे तिलाच सांगता आले नसते. “दूध आटलंय, मास्तर. आणि नाक? ते येईल का परत?”

“दुधाचं डॉक्टरीणबाईंना विचार. नाकाचं मला माहीत नाही. येतं कोणाचं, कोणाचं नाही येत.” मास्तरांनी पेटीचे झाकण लावले. “मला वासाचं कळतं, तेवढंच सांगतो. पोरीचं काही चुकलेलं नाही. तू रोज तिची आई धुऊन टाकतेस.”